जुन्या मोटारीचा कारखान्यातला मूळ रंग कसा ओळखावा

जुनी मोटार नव्याने रंगवायची ठरली की बहुतेक मालक आधी रंगतक्ता उघडतात आणि तिथेच फसतात. त्या वर्षी त्या मॉडेलला कोणकोणते रंग मिळत होते एवढेच तक्ता सांगतो. आपल्या दारातली गाडी त्यांपैकी कोणत्या रंगात बाहेर पडली, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी तीन साक्षीदार तपासावे लागतात: कारखान्याने गाडीवर बसवलेली माहितीची पाटी, कारखान्याचे दप्तर आणि खुद्द पत्रा. निदान दोघांचे एकमत होईपर्यंत रंगाचा डबा विकत घेऊ नये, आणि मतभेद झालाच तर पत्र्याचे म्हणणे अधिक मानावे, असे माझे मत आहे.

पाटी शोधणे सर्वांत सोपे असते. मर्सिडीजच्या अनेक जुन्या मॉडेलांत बॉनेट उघडल्यावर रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर ती सापडते. तिच्यावरील ०४० हा आकडा काळा रंग दर्शवतो आणि ०५० पांढरा. फोक्सवॅगन बीटलचे रंग ‘एल’ या अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकांनी ओळखले जातात, उदाहरणार्थ एल ४१ म्हणजे काळा आणि एल ८७ म्हणजे मोतिया पांढरा. १९६५ च्या फोर्ड मस्टँगच्या पाटीवर रंगासाठी एकच अक्षर असते: ‘जे’ म्हणजे रंगून रेड, ‘एम’ म्हणजे विम्बल्डन व्हाइट. मात्र ही पाटी चालकाच्या दारावर बसवलेली असते आणि अपघातानंतर किंवा गंजामुळे दार बदलले की दुसऱ्याच गाडीची पाटी आपल्या गाडीवर येते. म्हणून पाटीवरचा गाडीचा क्रमांक गाडीच्या बॉडीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का आणि पाटीचे रिव्हेट मूळचे दिसतात का, हे आधी पाहावे आणि मगच संकेताकडे वळावे.

दप्तराच्या बाबतीत ब्रिटिश गाड्यांचे मालक भाग्यवान आहेत. इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमची संस्था ऑस्टिन, मॉरिस, एमजी आदी गाड्यांच्या मूळ उत्पादन-नोंदींवरून शुल्क घेऊन प्रमाणपत्र देते आणि नोंद टिकली असेल तर त्यात रंगही असतो. आपले आरसी बुकही जरूर पाहावे, परंतु तिथला ‘निळा’ किंवा ‘हिरवा’ हा शब्द कोणती छटा ते सांगत नाही, आणि ते पुस्तक नंतरच्या काळात नव्याने काढलेले असेल तर रंगकाम झाल्यानंतरचा रंगच त्यात उतरलेला असण्याची शक्यता राहते.

आपल्याकडच्या गाड्यांबाबत आणखी एक पेच असतो. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या आणि प्रीमियरने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू केली; अशा गाडीवर अमेरिकेतला रंगतक्ता डोळे झाकून लावणे धोक्याचे आहे. संस्थानिकांच्या गाड्यांना तर ‘कारखान्याचा रंग’ ही कल्पनाच नीट लागू होत नाही. रोल्स-रॉइस किंवा मेबॅक त्या काळी बहुधा नुसती चासी, म्हणजे इंजिन व चाकांसह खालचा सांगाडा, विकत आणि वरची बॉडी बांधून रंगवण्याचे काम वेगळा कोचबिल्डर करी, त्यामुळे तिथे शोध कोचबिल्डरच्या कामाचा घ्यावा लागतो. मुंबईत फिरलेल्या जुन्या फियाटच्या छतावर पिवळ्या रंगाचा आणि अंगावर काळ्या रंगाचा थर निघाला, तर ती कधीकाळी टॅक्सी होती एवढाच अर्थ त्यातून निघतो.

आता पत्र्याकडे यावे. रंगकाम कितीही वेळा झाले असले तरी पेंटर सहसा जिथे हात घालत नाही, अशा जागा प्रत्येक गाडीत असतात: दाराच्या आतल्या पॅनलमागचा पत्रा, खिडकीच्या काचेच्या रबराखालची कड, क्रोमच्या पट्टीची मागची बाजू, डॅशबोर्डचा खालचा भाग, वायरिंगच्या क्लिपांखालचे ठसे, पेट्रोल टाकीच्या मागची भिंत. तिथे मिळालेला रंग ऊन न लागल्यामुळे बराच टिकलेला असतो. मात्र कारखान्यातही आतल्या भागांवर रंग पातळ मारला जाई, आणि त्यातून खालचा प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचा अस्तराचा थर, डोकावल्याने छटा खरीपेक्षा वेगळी भासू शकते. म्हणून अशा जागेवरून रंगाचे कुळ ठरवावे, नेमकी छटा नव्हे.

छटेसाठी थर उघडावे लागतात. अपघाताचा ठोक नसलेली, पुट्टी न भरलेली सपाट जागा निवडावी. लोहचुंबक नीट चिकटतो का यावरून पुट्टीचा अंदाज येतो. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात पाणी लावून वॉटर पेपरने गोल घासत जावे, मध्यभागी पत्रा दिसू लागला की थांबावे आणि मग ८००, १५०० व २००० नंबरच्या कागदांनी कडा गुळगुळीत कराव्यात. रंगाचे थर वर्तुळांसारखे एकाबाहेर एक उघडे पडतात. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असल्याने कोरडे घासणे कटाक्षाने टाळावे, मास्क व हातमोजे वापरावेत आणि निघालेला गाळ फडक्याने पुसून वेगळा ठेवावा.

वाचन नेहमी पत्र्यापासून बाहेरच्या दिशेने करावे: प्रथम प्रायमर, मग त्यावरचा सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग पहिला खरा रंग. प्रायमर आणि सरफेसर यांच्या छटा अनेकदा वेगळ्या असतात आणि नवखा माणूस तांबड्या प्रायमरलाच गाडीचा लाल रंग समजतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास कारखान्याचे थर एकमेकांना घट्ट बिलगलेले दिसतात, तर नंतरच्या रंगकामाच्या सीमेवर बऱ्याचदा धुळीची, जुन्या पॉलिशची किंवा ओरखड्यांची रेघ आढळते. ही तपासणी छत, बॉनेट, दोन्ही बाजूंची दारे आणि मडगार्ड अशा वेगवेगळ्या भागांवर करावी, कारण एखादे मडगार्ड भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे असू शकते आणि दुरंगी गाडीचे छत मुळातच वेगळे असते.

रंगाचा प्रकारही साक्ष देतो. आपले पेंटर ज्याला ड्युको म्हणतात, तो नायट्रोसेल्युलोज रंग १९२० च्या दशकात मोटारींवर आला आणि थिनरच्या बोळ्याने तो आजही विरघळतो. भट्टीत भाजलेले इनॅमल तसे सहज विरघळत नाही. ज्या गाडीला कारखान्यात इनॅमल लावले जाई, तिच्या पत्र्याजवळचा थर थिनरने बोळ्यावर उतरू लागला, तर मूळ रंग आधीच कोणीतरी खरवडून काढला आहे असे समजावे आणि पुन्हा लपलेल्या जागांकडे वळावे.

सापडलेला रंगही वयाने बदललेला असतो. तेलाधारित रंग अंधारात पिवळट पडतो, त्यामुळे पॅनलमागचा पांढरा फिका बदामी वाटू शकतो. तो भाग काही दिवस उजेडात ठेवला की पिवळेपणा कमी होतो. काही लाल रंग उलट उन्हाने उडतात. जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून तर निष्कर्ष काढूच नये, कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे आणि लाल गाडी छायाचित्रात जवळजवळ काळी उमटे. फोर्डच्या मॉडेल टीबद्दलचा रूढ समजही याच जातीचा आहे. ती केवळ काळी मिळे हे साधारण १९१४ ते १९२५ या काळापुरते खरे असून त्याआधीच्या गाड्या हिरव्या, लाल, निळ्या, करड्याही होत्या.

छटा निश्चित झाल्यावर उघडलेला भाग पॉलिश करून रंगाच्या दुकानातील यंत्राने मोजून घ्यावा, परंतु यंत्राचा आकडा अंतिम मानू नये. आजच्या मिश्रणांतील रंगद्रव्ये वेगळी असल्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून, पूर्ण वाळल्यावर, तो भरदिवसा सावलीत मूळ डागाशेजारी धरावा. गाडी खरवडण्यापूर्वी सीटखालचा किंवा डिकीतला हातभर भाग मूळ अवस्थेत राखून ठेवावा, आणि ठरलेला रंग आरसी बुकातल्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आरटीओकडे नोंद बदलून घ्यावी.