मित्रमैत्रिणींसोबत इंग्रजी निबंध लिहायला कसं शिकावं

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून पूर्णपणे वर्णनात्मक झाली. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलामुलींना तिच्यासाठी शाळेनंतर पहिल्यांदाच इंग्रजी निबंध लिहायला बसावं लागतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही तो आहेच. तिथे इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा असतो, त्यात १०० गुण निबंधाला, साधारण ६०० शब्दांत. हे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, पण २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर कितीही चांगले गेले तरी व्यर्थ. पाठ केलेला निबंध विषय बदलला की हातात राहत नाही. शेजारच्या खुर्चीवरचे मित्र मात्र फार उपयोगी पडतात. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत आम्ही चौघांनी वर्षभर जे केलं, ते क्रमाने सांगतो.

आधी गट जमवा. तिघं किंवा चौघं, त्याहून जास्त नको, नाहीतर एका बैठकीत सगळ्यांचं वाचून होत नाही. सगळ्यांचं इंग्रजी सारखं असायची गरज नाही. उलट ज्याचं कच्चं आहे तो ‘म्हणजे काय?’ असं विचारतो, आणि तिथेच वाक्य फसलंय हे लिहिणाऱ्याला कळतं. आठवड्यातला वार आणि वेळ पक्की ठरवा. आमची रविवारी सकाळी आठ ते दहा होती.

विषय आपल्या पाहण्यातला घ्या. पहिले दोन महिने जागतिकीकरणाच्या वाटेला जाऊ नका. पाणीटंचाई, गावची एसटी, ऊसतोड, मोबाइलवर अभ्यास करणारी भावंडं, हे विषय पुरेसे आहेत. सांगण्यासारखं असलं की शब्द शोधण्यात मन लागतं.

लिहिण्याआधी दहा मिनिटं मराठीतच बोला. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावं. पण मराठीत निबंध लिहून मग त्याचं भाषांतर करू नका. या एका सवयीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं. पाणीटंचाईवर एका मैत्रिणीच्या मनात वाक्य होतं, ‘आमच्या गावात टँकर येतो तेव्हा मुली शाळा सोडून पाण्याला जातात.’ ते कागदावर असं उतरलं: ‘इन अवर व्हिलेज टँकर इज कमिंग दॅट टाइम गर्ल्स आर गोइंग फॉर वॉटर.’ आम्ही तिला विचारलं, कोण काय करतं? ती म्हणाली, मुली शाळा सोडतात. मग कर्ता आणि क्रियापद आधी शेजारीशेजारी बसवलं: ‘द गर्ल्स लीव्ह स्कूल’. त्यापुढे ‘वेन द टँकर कम्स’. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्याच्या टोकापर्यंत ते राखून ठेवतो. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून लागतं.

आता घड्याळ लावून चाळीस मिनिटं हाताने लिहा. फोन बॅगेत. शब्द अडला तर तिथे मराठी शब्द टाका आणि पुढे जा.

मग वह्या बदला. तुमचा निबंध मित्राने मोठ्याने वाचायचा, तुम्ही फक्त ऐकायचं. वाचताना तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने टिंब. दुरुस्ती लगेच नको. आपलं लिहिलेलं आपण वाचतो तेव्हा गाळलेला शब्दही मनातल्या मनात भरून घेतो. मित्राला तो दिसतच नाही, म्हणून तो थांबतो.

तपासताना एका आठवड्याला एकच चूक धरा. आम्ही एकदा एकाच्या वहीत सगळ्या चुका लाल केल्या. तो पुढचे दोन रविवार आला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. सुरुवात मराठीतून आलेल्या चुकांपासून करा, कारण त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. आपण ‘जरी’ला ‘तरी’ लावतो, म्हणून ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ लिहितो; इंग्रजीत दोन्हींपैकी एकच हवं. ‘पुण्याला पोहोचलो’ मधल्या ‘ला’साठी ‘रीच्ड टू पुणे’ होतं. तिथे ‘टू’ लागत नाही. ‘विषयावर चर्चा’ मधल्या ‘वर’मुळे ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ घुसतं, तेही नको. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐवजी ‘आय हॅव टू ब्रदर्स’.

‘अ’ आणि ‘द’ला मात्र महिनाभर द्या. मराठीत हे नाहीत, त्यामुळे कान सांगत नाही. आम्हाला एक युक्ती लागू पडली: मराठीत ‘एक’ किंवा ‘एखादा’ लावून पाहा, बसलं तर बहुधा ‘अ’. ‘आत्ता बोललो तोच’ असं म्हणता आलं तर ‘द’. म्हणजे टँकर पहिल्यांदा आला तेव्हा ‘अ टँकर’, पुढच्या वाक्यात ‘द टँकर’. प्रत्येक वेळी खरं ठरत नाही, पण निम्म्याहून जास्त गोंधळ जातो. दोघांचं पटलं नाही तर वाद घालू नका, लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघडा आणि त्या शब्दाखालची उदाहरणं वाचा. ॲपकडून अख्खा निबंध दुरुस्त करून घेतला की निबंध सुधारतो, हात सुधारत नाही.

चुकांची वही प्रत्येकाची वेगळी ठेवा: डाव्या पानावर आपलं चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर बरोबर.

शेवटचं काम बहुतेक गट टाळतात. तोच निबंध बुधवारी, जुनं पान न बघता, पुन्हा लिहा. पुढच्या रविवारी नव्या विषयाआधी त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा. त्या मैत्रिणीने दुसऱ्या वेळी टँकरचा परिच्छेद वाचला तेव्हा तिघांपैकी कुणाचीही पेन्सिल उचलली गेली नाही.