जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या बोनेटचे शॉक: बदलायचे कसे अन् अपग्रेड करायचे तर किती ताकदीचे घ्यायचे

बोनेट उघडलं की वर थांबत नाही, हळूहळू खाली येतंय, नाहीतर अर्ध्यात सोडलं की धाडकन पडतंय, तर बोनेट वर धरून ठेवणारे गॅस शॉक संपले असं समजा. आपल्याकडं बरेच जण मग डिकीत एक लाकडाचा दांडा टाकून ठेवतात अन् वर्षानुवर्षं त्याच्यावरच भागवतात. कृपा करून असं करू नका, ऑइल बघताना दांड्याला कोपर लागलं तर पंधरा-वीस किलोचं पत्र्याचं बोनेट सरळ मानेवर येतं. काम अर्ध्या तासाचं आहे, घरी होतं, फक्त पार्ट बरोबर निवडायला पाहिजे आणि चुका सगळ्या तिथंच होतात.

संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडायला लागले, त्यामुळं आपल्या भागात जुनी व्हीआरएस (ऑक्टाव्हियाचंच स्पोर्ट्स मॉडेल) जपणारे लोक आहेत, तिची डिकी मागच्या काचेसकट वर जाते आणि चांगली जड असते. त्या डिकीच्या दोन शॉकलाही खालचं बहुतेक सगळं लागू आहे, फक्त ताकदीचा हिशोब बोनेटचाच आहे.

आधी आत काय असतं ते बघू. नळीत खूप दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि थोडं तेल असतं. ताकद येते गॅसच्या दाबातून, तेल नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याच्या सीलला ओलं ठेवतं आणि शेवटी शेवटी बोनेटचा वेग कमी करतं. ८ एमएमचा दांडा असलेला ३५० न्यूटनचा शॉक घेतला तर हिशोबानं आतला दाब ७० बारच्या आसपास निघतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या तीसपट. म्हणून याला ड्रिल मारणं, वेल्डिंगजवळ धरणं, ग्राइंडर लावणं यातलं काहीच करायचं नाही. कुणी "गॅस भरून देतो, नवा कशाला घेता" म्हणलं तरी नको, कारण गॅस गेला तो सील झिजल्यामुळं, आणि सील तर जुनंच राहतं.

आता आपल्या हवेचा विषय. गॅस तापला की दाब वाढतो, गार झाला की कमी होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं ४३ डिग्री असतं आणि जानेवारीत पहाटे १० डिग्रीवर येतं, एवढ्या फरकात शॉकची ताकद अकरा-बारा टक्क्यांनी बदलते. त्यामुळं उन्हाळ्यात व्यवस्थित थांबणारं बोनेट थंडीत सकाळी खाली यायला लागतं आणि दुपारी परत ठीक वाटतं, मग लोक म्हणतात काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम आहे, शॉक संपत आलेत. चेक करायचं तर थंड इंजिनवर, सकाळी करा. लांबून चालवून आल्यावर बोनेटखाली सगळं तापलेलं असतं, तेव्हाची टेस्ट काही कामाची नाही.

नवा घेताना जुन्या नळीवरचं छापलेलं वाचा. पार्ट नंबर असतो आणि न्यूटनमधला आकडा, ३५० एन असा काहीतरी. स्टॅबिलस कंपनीचे असतील तर लिफ्ट-ओ-मॅट नाव दिसंल. स्टिकर उडालेलं असंल तर पूर्ण उघडी लांबी गोळ्याच्या (शॉकचं टोक ज्या गोल खुंटीवर बसतं तिच्या) मध्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, दांड्याची नि नळीची जाडी मोजा (८ आणि १८ एमएम ही जोडी लई कॉमन आहे) आणि गोळ्याचा साइझ बघा, बहुतेक १० एमएम असतो. नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेऊ नका. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या कूपेचं बोनेट पत्र्याचं आहे अन् त्याच पिढीच्या एम-३ चं ॲल्युमिनियमचं, लांबून दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात पण बोनेटच्या वजनात मोठा फरक आहे. चेसिस नंबरवरून पार्ट काढलेला बरा. आणि कायम जोडीच बदला, एक नवा एक जुना ठेवला तर बोनेट तिरकं उचललं जातं आणि बिजागरी झिजते.

काढताना एक माणूस मदतीला घ्या. बोनेट पूर्ण उघडा, मग जाड बांबू किंवा चांगली लाकडी बल्ली लावून आधार द्या, टोकाला जुना कपडा गुंडाळा म्हणजे पेंट जाणार नाही. बल्लीचं टोक नुसत्या पत्र्यावर टेकवू नका, आतल्या पट्टीच्या खाचेत बसवा. मदतीला माणूस असला तरी बल्ली लागतेच, फोन आला की माणसाचं लक्ष जातं. आता शॉकच्या टोकाला प्लास्टिकची किंवा लोखंडी कप असते, तिच्या पाठीवर एक बारीक स्प्रिंगची क्लिप दिसंल. बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर क्लिपखाली घालून ती दोन-तीन एमएम उचला, बास तेवढीच, पूर्ण उपटली तर उडून सबफ्रेममध्ये (इंजिनखालच्या सांगाड्यात) कुठं जाते सापडत नाही. क्लिप वर धरूनच कप गोळ्यावरून सरळ ओढली की टक करून निघते. आधी वरचं टोक, मग खालचं. एक बाजू काढून नवा बसवला की मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा.

गोळा पुसून घ्या, त्याला किंचित ग्रीस चालतं. गोळा गंजला किंवा एका बाजूनं चपटा झाला असंल तर तोही बदला. नवा शॉक पूर्ण उघडाच येतो, तो हातानं दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, दाबला जात नाही. थोडा कमी पडत असंल तर मदतनीसाला बोनेट अजून जरा वर रेटायला सांगा. दांडा खाली, नळी वर अशी दिशा ठेवा म्हणजे तेल सीलवर राहतं. गाडीला मुळातच उलटा लावलेला असंल तर त्या गाडीचं आहे तसं ठेवा. कप गोळ्यावर दाबली की टक आवाज यायला पाहिजे, आला नाही तर ओढून बघा. दांड्याला पक्कड लावायची नाही, एक ओरखडा पडला तरी तिथून सील फाटतं.

अपग्रेडमध्ये लोक सगळ्यात जास्त ताकदीचा घेतात, अन् तेच चुकतं. जास्त ताकदीचा शॉक बंद बोनेटला कायम वर ढकलत असतो, कोपरे उचलले जातात, फेंडरशी गॅप वाढते आणि फायबरचं किंवा कार्बनचं हलकं बोनेट तर मध्ये वाकतं. हलकं बोनेट टाकलं असंल तर शॉक कमी ताकदीचा लागतो हे लक्षात ठेवा.

हिशोब असा करा. शॉक काढून, लॅच (बोनेटचं लॉक) सोडून, बोनेटच्या पुढच्या कडेला सामान मोजायचा लटकवायचा काटा अडकवा आणि बोटभर उचला. समजा ८ किलो आलं आणि बिजागरीपासून ती कड १०० सेंमी आहे, तर गुणाकार ८००. बोनेट ५० डिग्री उघडत असंल तर त्याला कॉस ५० नं, म्हणजे ०.६४ नं गुणा, ५१४ च्या आसपास आलं. आता उघड्या बोनेटवर शॉकच्या रेषेपासून बिजागरीचं काटकोनातलं अंतर मोजा, समजा १५ सेंमी. ५१४ भागिले १५ म्हणजे ३४ किलोच्या वर, न्यूटनमध्ये (गुणिले ९.८) ३३६. दोन शॉकमध्ये वाटा, प्रत्येकी १६८. थंडी आणि पुढची झीज धरून वीस टक्के वाढवा, २०० न्यूटनचा शॉक झाला. अशा बोनेटला कुणी ३५० चे सुचवले तर सरळ नाही म्हणा.

लांबी चेक करायची एक सोपी युक्ती आहे. जुना शॉक लावलेला असतानाच त्याच्या दांड्यावर नळीला चिकटून एक केबल टाय आवळा, फार घट्ट नको. बोनेट हळू बंद करून परत उघडा. नळीनं टाय जितकी ढकलली तितका स्ट्रोक (दांडा आत जायची लांबी) वापरला गेला. नव्या शॉकचा स्ट्रोक त्यापेक्षा निदान १० एमएम जास्त पाहिजे, आणि पूर्ण उघडी लांबी जुन्याएवढीच. स्ट्रोक कमी पडला तर बोनेट बंद व्हायच्या आधी शॉक आत टेकतो आणि जोर लावला की ब्रॅकेट पत्र्यातून उपटतं.

ज्या गाडीत बोनेटला टेकवायची नुसती दांडी आहे तिथं शॉक बसवायचे तर भंगारातून एक मेलेला शॉक आणा, त्याच्यात जोर नसतो म्हणून जागा ठरवायला तोच बरा, केबल टायची युक्तीही त्याच्यावर चालते. ब्रॅकेट शक्यतो फेंडरच्या किंवा बिजागरीच्या आहे त्याच बोल्टवर घ्या, ३ एमएमच्या पत्र्याचं वाळूज-चिकलठाण्यात कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. बोनेटच्या बाजूला आतल्या जाड पट्टीतच बोल्ट घ्यायचा, वरच्या पातळ पत्र्याला नाही. मूळची दांडी काढून टाकू नका.

बसवून झालं की बोनेट आधी हातानं सावकाश खाली आणा, कुठं वायर, वॉशरचा पाइप, रबर अडकत नाही ना बघा. लॅच पूर्ण लागला का ते बोनेट वर ओढून चेक करा, आणि हायवेला घ्यायच्या आधी गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवरून एक फेरी मारून परत बघा. पुढं देखभाल अशी काही नाही, काळ्या मातीची धूळ दांड्यावर बसते ती कोरड्या सुती कपड्यानं पुसायची, तेल-ग्रीस लावलं तर उलट धूळ जास्त चिकटते.

जुने शॉक भंगारवाल्याला देताना आत गॅसचा दाब आहे हे तोंडानं सांगा आणि नळीवर मार्करनं लिहा, कारण तिथं लोखंड गॅस कटरनं कापतात.