मोटरचं बेरिंग जातंय का, ते व्हायब्रेशनवरून कसं ओळखायचं

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपमध्ये अनुभवी फिटर मोटरवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावतो आणि बेरिंग कसं चाललंय ते सांगतो. पद्धत चांगलीच आहे, पण कानाला आवाज येतो तोपर्यंत बेरिंग बऱ्यापैकी गेलेलं असतं, व्हायब्रेशनच्या सिग्नलमध्ये तेच त्याच्या खूप आधी दिसतं. दिंडोरी-निफाडकडे ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये प्री-कूलिंगचा, म्हणजे तोडलेली द्राक्षं गार करणारा, फॅन बंद पडला तर काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, म्हणून उदाहरण तसल्याच फॅनच्या मोटरचं घेऊ: 2 एचपी, 4 पोल, 1440 आरपीएम (मिनिटाला फेरे), बेरिंग नंबर 6205.

सगळ्यात आधी, मशीन चांगली चालतेय तेव्हाच रीडिंग घेऊन ठेवा. हे कोणी करत नाही आणि नंतर तुलना करायला काहीच हातात नसतं. जागा तीच, लोड तोच, स्पीड तोच, आणि सेन्सर बसवला तिथे मार्करने खूण करा.

व्हायब्रेशन मोजणारा सेन्सर बेरिंगच्या हाऊसिंगवरच, म्हणजे बेरिंग ज्यात बसतं त्या घरावरच लावायचा, फॅन कव्हरच्या पत्र्यावर अजिबात नाही कारण पत्रा स्वतःच थरथरतो. रंग खरवडा, स्टडने घट्ट बसवला तर उत्तम, नाहीतर ग्लू, नाहीतर मॅग्नेट, हातात धरून घेतलेल्या रीडिंगमध्ये हाय फ्रिक्वेन्सी मार खाते. आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेने असं तिन्हीकडे घ्या. केबल नीट बांधा, गार्ड काढू नका. मोबाईलचं ॲप चालेल का असं बरेच जण विचारतात, तर फोनचा सेन्सर सेकंदाला साधारण 100 ते 400 सॅम्पल (मोजमापं) घेतो आणि त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच दिसतं, म्हणजे अनबॅलन्स (फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असणं) कळेल पण बेरिंगची सुरुवातीची खराबी नाही. त्यासाठी 10 किलोहर्ट्झपर्यंत जाणारा अ‍ॅक्सेलरोमीटर (व्हायब्रेशनचा सेन्सर) लागतो.

आता सेकंदाला 25,600 सॅम्पल धरून 10 सेकंद रेकॉर्ड करा आणि एफएफटी काढा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख. 1440 ला 60 ने भागलं की 24 हर्ट्झ, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला फेरे, हा झाला 1एक्स. आडव्या-उभ्या दिशेला 24 वरच मोठा पीक (आलेखातलं उंच टोक) असेल तर बहुतेक अनबॅलन्स, फॅनच्या पात्यांवर धूळ साचली का बघा. 48 वर पीक आणि शाफ्टच्या दिशेलाही जोर असेल तर अलाइनमेंट, म्हणजे जोडलेले शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते तपासा. 24, 48, 72, 96 अशी रांगच लागली असेल तर फौंडेशनचे बोल्ट ढिले आहेत का बघा. 100 हर्ट्झचा पीक इलेक्ट्रिकल असू शकतो, सप्लाय बंद केल्याक्षणी तो गायब झाला तर नक्की समजा.

बेरिंगचं गणित वेगळं आहे आणि खरी मजा इथेच आहे. आउटर रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावरून पळतात त्या बाहेरच्या कड्यावर (आतलं ते इनर रेस), खड्डा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना बारीकसा ठोका देते. सेकंदाला किती ठोके? अंदाजाचा फॉर्म्युला सोपा आहे, गोळ्यांची संख्या गुणिले 1एक्स गुणिले 0.4. 6205 मध्ये सहसा 9 गोळ्या असतात, म्हणजे साधारण 86 हर्ट्झ. इनर रेससाठी 0.4 च्या जागी 0.6, म्हणजे साधारण 130. गोळ्या थोड्या घसरतात म्हणून एक-दोन टक्के इकडेतिकडे चालतं.

पण साध्या एफएफटीत हा 86 सुरुवातीला दिसतच नाही, अनबॅलन्सच्या पीकखाली दबून जातो. ठोका बसला की हाऊसिंग काही हजार हर्ट्झवर क्षणभर घुमतं, तेच आपल्याला पकडायचंय. म्हणून 2 ते 10 किलोहर्ट्झचा बँडपास फिल्टर (तेवढ्याच फ्रिक्वेन्सी ठेवणारा) लावा, पायथॉन प्रोग्रामिंगमध्ये सायपाय लायब्ररीच्या हिल्बर्ट फंक्शनने एन्व्हलप, म्हणजे सिग्नलच्या चढ-उताराची बाहेरची रेषा, काढा, सरासरी वजा करा आणि त्या एन्व्हलपची एफएफटी घ्या. 86, 172, 258 असे पीक उभे राहिले तर आउटर रेस. 130 च्या दोन्ही बाजूंना 24-24 हर्ट्झवर छोटे पीक असतील तर इनर रेस, कारण तो खड्डा शाफ्टबरोबर फिरत लोडखाली येतो आणि जातो.

एकूण व्हायब्रेशनसाठी आयएसओ 10816-1 या जुन्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये (2016 मध्ये त्याच्या जागी आयएसओ 20816-1 आलं) 15 किलोवॅटपर्यंतच्या मशीनना 1.8 मिमी/सेकंद आरएमएसच्या (एक प्रकारची सरासरी) पुढे लक्ष द्या आणि 4.5 च्या पुढे धोका, असे मार्गदर्शक आकडे होते. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका, बेरिंग खराब व्हायला लागलं तरी तो बराच काळ जागचा हलत नाही. दर आठवड्याला एन्व्हलप बघा, 86 चा पीक वाढत चालला की बेरिंग मागवून ठेवा आणि सीझनमध्ये गॅप बघून बदला.

ब्रॅकेट किंवा फ्रेमला क्रॅकची शंका असेल तर मशीन बंद करून, सप्लाय लॉक करून रबरी हातोड्याने ठोका आणि नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठोकल्यावर तो भाग आपोआप ज्या फ्रिक्वेन्सीवर घुमतो ती, मोजा. क्रॅकमुळे कडकपणा कमी होतो, फ्रिक्वेन्सी खाली सरकते. आधी बोल्ट आवळा मात्र, ढिल्या बोल्टनेही हेच होतं.

काढलेलं बेरिंग लगेच भंगारात टाकू नका, कापून रेस उघडा आणि खड्डा सिग्नलने सांगितला तिथेच आहे का ते बघा, त्याचा फोटो रीडिंगसोबत ठेवा आणि नवीन बेरिंग रुळलं की त्याचं पहिलं रीडिंग परत घ्या.