भाजी-गटात सामील होताना

सगळ्यांचे पैसे जमवून घाऊकात भाजी आणायची आणि वाटून घ्यायची, तो भाजी-गट. स्वयंसेवकांनी चालवलेल्या अशा गटात नाव घालण्याआधी विचारून घ्या: पैसे किती दिवस आधी भरायचे, महिन्याला काम किती तास, आणि वाटा न्यायला चुकलं तर काय? पैसे सहसा परत मिळत नाहीत, कारण माल घाऊकात आधीच उचललेला असतो.

पहिला महिना अर्धाच वाटा घ्या. निम्मी भाजी सडली तर स्वस्ताई कसली! आणल्या दिवशीच निवडा. पालेभाजी न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, ओली लवकर कुजते. पिकती फळं तिच्याजवळ नकोत, पानं पिवळी पडतात. आठवड्याचा स्वयंपाक वाटा हातात आल्यावरच ठरवा, आधी नाही.

वाटपाची पाळी आली तर रिकामं क्रेट ठेवून काटा शून्यावर आणा. क्रेटचं वजन भाजीत धरलं की प्रत्येकाला कमी मिळतं, शेवटी ढीग उरतो आणि मग वादावादी.