ऑर्किडची कुंडी बदलताना मुळं कशी तपासावीत

ऑर्किड मातीत लावू नका. शेणखत, गांडूळखत, कोकोपीट यातलं काहीही नको. हे झाड रानात फांदीला चिकटून वाढतं, त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पुढचं सगळं दुकानात मिळणाऱ्या, रुंद पानांच्या फॅलिनॉप्सिसबद्दल आहे. आपल्या बेळगावजवळच्या जांबोटीच्या रानातली सीतेची वेणी, म्हणजे तिथलं रानटी ऑर्किड, घरी आणायच्या भानगडीत पडूच नका. ती झाडावरच राहू द्या.

फुलं गळाली की पाडव्यानंतर आणि मृगाच्या आत कुंडी बदला. बेळगावात पाऊस लागला की कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे कापलेलं मूळ कुठलं वाळायला! ते कुजतं. दोन वर्षांतून एकदा बदललं की पुरे.

कुंडीला बाजूनेही भोकं हवीत. मी खानापूरच्या कुंभाराला सांगून कुंडी भाजायच्या आधीच ती पाडून घेतो. भरायला लाकडी कोळसा, जुन्या कौलांचे तुकडे आणि नारळाची सोडणं घ्या, सगळं मोठ्या सुपारीएवढं. सोडणांत खार असतो, म्हणून ती दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा.

आता मुळं. माझं पहिलं झाड इथेच गेलं. 'तपकिरी मुळं मेलेली, कापून टाका' असं कुणीतरी सांगितलं आणि मी कात्री चालवली. दोनच मुळं उरली. पानं सुरकुतली आणि श्रावणापर्यंत झाड संपलं. रंग बघून कापायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नका. कुंडीच्या आत उजेड न मिळालेली धडधाकट मुळंही पिवळट-तपकिरीच असतात.

मुळांचा गड्डा आधी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. कोरडी, रुपेरी मुळं भिजल्यावर हिरवी होतात, ती जिवंत. हिरवं न झालेलं प्रत्येक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर रंग कसाही असो, हात लावू नका. पिचकलं, पाणी सुटलं, वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला, तर तेवढं कापा. कापायचं ते टणक भाग लागेपर्यंतच.

खोडाच्या अगदी खाली, मुळांच्या मधोमध चाचपून बघा. नर्सरीत रोप लहान असताना घातलेला शेवाळाचा गोळा तिथे बऱ्याचदा तसाच असतो. वरचं सगळं वाळलं तरी तो ओला राहतो आणि आतून झाड कुजवतो. बोथट काडीने थोडा थोडा ओढून काढा. याला अर्धा तास लागला तर लागू द्या.

कात्री प्रत्येक झाडासाठी गॅसच्या ज्योतीवर तापवून, गार करून घ्या. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा, पण टोकांनाच. चांगल्या मुळावर पडली तर तेही सुकतं.

खोडाचा बुंधा भरावाच्या वर ठेवा, झाड हलत असेल तर काडीला बांधा. बाहेर लोंबणारी मुळं आत कोंबू नका.

यानंतर पाच दिवस पाणी नाही. पानं जरा मलूल दिसतील, जीव कासावीस होईल, तरी नाही. जखमा वाळल्याशिवाय घातलेलं पाणी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं.

पुढचं सोपं आहे. पूर्वेची खिडकी. मुळं रुपेरी झाली की पाणी, मग एप्रिलमध्ये तीन दिवसांनी असो की आषाढात दहा दिवसांनी. पानांच्या मधल्या खोबणीत थेंब राहिला तर कापसाने टिपा. नव्या मुळाचं हिरवं टोक दिसलं की पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत, १ लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम.

थंडीच्या गार रात्रींनंतर पानाच्या बगलेतून कोंब येईल. टोक गुळगुळीत, गोल असेल तर ते मूळ. चपटं, जरा टोकदार आणि वर वळणारं असेल तर फुलांचा दांडा. मग कुंडी फिरवू नका, दांडा उजेडाकडे वळत असतो.