नकाशाच्या घड्या: जुन्या खेळविश्वांची मागणी मोजायला शिकताना

गेले काही महिने मला एकाच धाटणीचे मेल येतायत. ‘रोलप्लेइंग गेम्स खेळते, स्टॅटिस्टिक्स झालंय, गेम पब्लिशिंगमध्ये संशोधनाचं काम मिळेल का?’ प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी सांगलीची. पुण्यात स्टॅटिस्टिक्स केलं, पुढे शिकायला अमेरिकेत आले आणि इथल्या एका मध्यम आकाराच्या प्रकाशकाकडे कंत्राटावर लागले. वीस-तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली सेटिंग, म्हणजे खेळ ज्यात घडतो ते काल्पनिक जग, पुन्हा छापावी का, हे सांगणं माझं काम. पहिल्याच मोठ्या कामात मी चुकीचं उत्तर दिलं. त्याची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून या लेखातला बराचसा भाग त्या एका चुकीवरच जाणार आहे.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) काय असतं, गेम मास्टर (खेळ चालवणारा) कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. पण टीएसआरचा इतिहास नीट वाचला नसेल तर आधी तो वाचा. १९७४ साली डी अँड डी काढणाऱ्या या कंपनीने १९८९ ते १९९५ या काळात स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट अशी एकामागून एक जगं बाजारात आणली. फरगॉटन रेल्म्स आणि ड्रॅगनलान्स आधीपासून होतीच. प्रत्येक जगाला जीव लावणारे चाहते मिळाले. पण डार्क सनवाला प्लेनस्केपचं पुस्तक घेईना आणि प्लेनस्केपवाली बर्थराइटकडे बघेना. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, फक्त वाटलं गेलं. कंपनी बुडण्याची कारणं आणखीही होती, पण १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ-प्रकाशकाने ती विकत घेतली तेव्हा हा धडा सगळ्या धंद्याने गिरवला. त्यामुळे प्रकाशक ‘चाहते आहेत का?’ एवढं विचारून थांबत नाही. चाहते असतातच. हे चाहते नवं गिऱ्हाईक म्हणून येतील, की आपल्याच दुसऱ्या पुस्तकाचं गिऱ्हाईक पळवतील, हे त्याला हवं असतं.

आता माझी चूक. सेटिंगचं नाव करारामुळे सांगता येत नाही. नव्वदच्या दशकातलं जग, सुंदर नकाशे, पंधरा वर्षं छपाई बंद. मी सर्व्हे तयार केला. जुन्या ग्राहकांच्या मेल यादीला पाठवला, चाहत्यांच्या गटांतही फिरवला. मुख्य प्रश्न होता: ‘ही सेटिंग नव्या नियमांत परत आली तर तुम्हाला आवडेल का?’ दहातल्या नऊ जणांनी ‘हो, नक्की’ लिहिलं. खाली मोकळ्या जागेत लोकांनी पानंच्या पानं भरली. एकाने लिहिलं होतं की भाऊ गेला, पण त्याचं कॅरेक्टर शीट (त्याच्या पात्राची नोंद असलेला कागद) अजून त्या खेळाच्या बॉक्समध्ये आहे. ते वाचून मला रडू आलं आणि मी ते वाक्य सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर टाकलं. छपाईचा आकडा त्या बैठकीत वाढला. दीड वर्षाने गोदामात न खपलेल्या पुस्तकांच्या पॅलेटच्या पॅलेट पडून होत्या. आणि त्याच काळात त्या सेटिंगच्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र उत्तम खपत होत्या!

हे नीट समजून घ्या. त्या लोकांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. त्यांना ती सेटिंग हवीच होती. पण कोणती? त्यांच्या कपाटात होती ती. जुनी पुस्तकं त्यांच्याकडे होती, कथा तोंडपाठ होती, नियम त्यांनी स्वतःच नव्या आवृत्तीला जुळवून घेतले होते. नव्या पुस्तकाशिवाय त्यांचं काहीच अडत नव्हतं. मी प्रेम मोजलं आणि त्याला मागणी म्हटलं. शिवाय मी विचारलं कुणाला? जे अजून यादीवर टिकून होते त्यांनाच. जे कंटाळून गेले ते यादीत नव्हते, आणि ज्यांनी हे जग कधी पाहिलंच नाही त्या विशीतल्या पोरांपर्यंत माझी लिंक पोचलीच नाही. आणि ‘हो’ लिहायला पैसे पडत नाहीत, हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

त्या दिवसांत घरी फोनवर मी फार बोलत नव्हते. बाबांचा सांगलीत केटरिंगचा धंदा आहे. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. म्हणाले, “अगं, पत्रिका मोजून कुणी भात टाकतं का? बाहेरगावची माणसं किती, मुहूर्त कितीचा, त्या दिवशी गावात आणखी लग्नं किती, हे विचारल्याशिवाय मी पानांचा आकडा लिहीतच नाही.” मी म्हटलं, “बाबा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” तर म्हणाले, “तू विचारलंस कुठे?”

हाच फरक मोठ्या कंपनीच्या सर्व्हेत स्पष्ट दिसतो. २०१५ मध्ये विझार्ड्सने जुन्या सेटिंग्जबद्दल खेळाडूंना विचारलं आणि निकाल जाहीर केला. वरच्या गटात एबरॉन, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप आणि फरगॉटन रेल्म्स, पाचही जवळपास सारखी लोकप्रिय. दुसऱ्या गटात ग्रेहॉक, ड्रॅगनलान्स, स्पेलजॅमर. सगळे क्रमवारीवरच बोलत राहिले. माझ्या मते त्या निकालातलं खरं सोनं त्यासोबतच्या स्पष्टीकरणात आहे: ग्रेहॉक आणि ड्रॅगनलान्स ही जगं डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांना इतकी जवळची आहेत की जुन्याच साहित्यावर ती सहज चालवता येतात. म्हणजे जीव असूनही गरज कमी. उलट वरच्या पाचांतली चार जगं नेहमीच्या डी अँड डीपेक्षा खूप वेगळी, तिथे नव्या नियमांवाचून खरंच अडतं. मी हे माझ्या कामाआधी वाचलं होतं. वाचूनही मला दिसलं नव्हतं.

आणि क्रमवारी म्हणजे प्रकाशनाचा क्रम नव्हे. दुसऱ्या गटातलं स्पेलजॅमर २०२२ मध्ये आलं, त्याच वर्षी ड्रॅगनलान्सही. वरच्या गटातलं प्लेनस्केप आलं २०२३ मध्ये. ग्रेहॉकला वेगळं पुस्तक न देता २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या मूळ पुस्तकात) नमुना-जग म्हणून जागा मिळाली. डार्क सनचं पुस्तक तेव्हाही आलेलं नव्हतं. मागणी ही अनेक कारणांपैकी एक असते. तुमचा अहवाल बाजूला ठेवला गेला तर तो चुकलाच असं समजू नका.

त्या पराभवानंतर मी इंडियानापोलिसला जेन कॉन या खेळांच्या मोठ्या मेळाव्याला गेले. तिथे जुन्या खेळांचा लिलाव होतो. आमच्या गोदामाचं काम बघणाऱ्या साठीच्या एक बाई माझ्यासोबत होत्या. त्यांनी दोन बॉक्स सेट माझ्यासमोर ठेवले, दोन्ही एकाच सेटिंगचे, आणि नकाशे उघडायला सांगितलं. पहिल्याचा नकाशा कोरा करकरीत, घडीवर एक सुरकुतीही जास्तीची नाही. दुसऱ्याच्या घड्या इतक्या झिजलेल्या की त्या एकमेकींना छेदतात तिथे भोकं पडली होती. एका खिंडीजवळ पेन्सिलने तारीख आणि ‘पूल जाळला’ असं लिहिलेलं. लिलावात पहिला महाग गेला. दुसऱ्या बॉक्सकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, याचा मालक कोण होता ते शोध, तुझं गिऱ्हाईक तो आहे.

तेव्हापासून मी ‘आवडेल का’ हा प्रश्न विचारत नाही. विचारते: शेवटचं कधी खेळलात? टेबलाभोवती किती जण होते? त्या दिवशी कोणतं पुस्तक उघडलंत? कशावाचून अडलं? चौथ्या प्रश्नाची उत्तरं कमी येतात आणि तीच कामाची असतात.

जुन्या पुस्तकांच्या सेकंडहँड किमती पाहून अहवाल लिहिणारे मला बिलकूल पटत नाहीत. प्रती कमी असल्या की दोन संग्राहकही किंमत चढवतात. हॅशटॅग मोजून ‘डिमांड स्कोअर’ देणारी तयार साधनंही तशीच. कृपा करून त्यांच्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा जुन्या पीडीएफची विक्री बघायला मिळाली तर ती बघा. विझार्ड्सने २००९ मध्ये पीडीएफ विक्री बंद केली होती, ती २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. अशा विक्रीत पहिल्या पुस्तकाचा आकडा फारसा बोलत नाही, ते हौसेने घेतलं जातं. पहिलं घेणाऱ्यांपैकी दुसरं आणि तिसरं पुरवणी-पुस्तक किती जणांनी घेतलं, तिथे खेळणारी माणसं दिसतात.

लहान पावलाने चाचपणी कशी करावी याची दोन उदाहरणं मी नवोदितांना नेहमी देते. एक एबरॉन. २००२ मध्ये विझार्ड्सने नव्या सेटिंगसाठी प्रस्ताव मागवले होते, सुमारे ११,००० आले. त्यातून निवडलेलं कीथ बेकर यांचं हे जग २००४ मध्ये प्रकाशित झालं. पाचव्या आवृत्तीसाठी ते परत आणताना कंपनीने थेट जाडजूड पुस्तक छापलं नाही. २०१८ मध्ये आधी एक डिजिटल मार्गदर्शक विक्रीला ठेवला, त्यातले नियम लोकांनी टेबलावर वापरून पाहिले, आणि छापील पुस्तक २०१९ च्या नोव्हेंबरात आलं. दुसरं रूनक्वेस्ट हा जुना रोलप्लेइंग खेळ. त्याच्या प्रकाशकाने, केऑसियमने, २०१५ च्या शेवटी जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्याच पुनर्मुद्रणासाठी क्राउडफंडिंग केलं, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले, आणि त्या नियमांच्या पायावर उभी केलेली नवी आवृत्ती २०१८ मध्ये आणली. ज्यांना जुनं हवं त्यांना आधी जुनं देऊन टाकलं. मी हे केलं असतं तर गोदाम रिकामं राहिलं असतं.

क्राउडफंडिंगबद्दल मात्र सावध करते, कारण नवीन मुलं त्या आकड्यांनी हुरळतात. सेव्हन्थ सी या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीला २०१६ मध्ये ११ हजारांवर बॅकर (आगाऊ पैसे देणारे) आणि १३ लाख डॉलर्सहून जास्त रक्कम मिळाली. रोलप्लेइंग खेळांसाठी तो तेव्हाचा उच्चांकी आकडा. पण पैशांसोबत पुढच्या कितीतरी पुस्तकांचं वचनही दिलेलं होतं. २०१८ मध्ये प्रकाशकाला कर्मचारी कमी करावे लागले आणि २०१९ मध्ये ती मालिका केऑसियमकडे गेली. मोहिमेत जे आले त्यांनी पुढची पुस्तकं आधीच घेऊन ठेवली होती. मोहिमेचा आकडा म्हणजे पुढच्या विक्रीचा पहिला हप्ता नसतो, बऱ्याचदा तीच सगळी विक्री असते. अहवालात हे ठळक लिहा, लोक नाराज झाले तरी.

आणि ड्रॅगनबेन हा स्वीडिश रोलप्लेइंग खेळ जरूर अभ्यासा. मूळ खेळ १९८२ चा, स्वीडनमध्ये घराघरांत माहीत असलेला. फ्री लीग या प्रकाशकाने तो २०२३ मध्ये स्वीडिश आणि इंग्रजी, दोन्हींत आणला. इंग्रजी वाचकाला लहानपणची आठवण वगैरे काही नव्हती, तरी खेळ रुजला. आठवणीवर न विकता विकलं जाईल का, ही चाचणी मी आता प्रत्येक प्रस्तावाला लावते.

गुरू कुणाला करावं, यावर माझं मत पक्कं आहे. नावाजलेल्या डिझायनरच्या मागे लागू नका. ती माणसं प्रेमळ असतात, पण त्यांना स्वतःची सेटिंग परत यावीशी वाटत असते आणि तुमचं काम त्यांना कधीकधी ‘नाही’ म्हणण्याचं आहे. परत आलेल्या पेट्या मोजणाऱ्या माणसाजवळ बसा. दुकानदाराशी बोला.

स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर घाबरू नका, टक्केवारी आणि नमुना कसा निवडला जातो एवढं पक्कं असलं तरी सुरुवात होते. भारतातून दुरून काम मिळतं, पण बहुतेक कंत्राटी, आणि पैसे सॉफ्टवेअरच्या मानाने कमी. घरचा हप्ता डोक्यावर असेल तर नोकरी सोडून यात उडी मारू नका, हे स्पष्टच सांगते. शनिवार-रविवारी एखाद्या लहान प्रकाशकाचा एक सर्व्हे करून बघा.

माझा पहिला अहवाल चुकल्यावर मला काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. पुढच्या सेटिंगचं काम माझ्याकडेच आलं, आणि त्या वेळी ‘मोठं पुस्तक नको, आधी साठ पानांचं साहस काढा’, म्हणजे त्या जगात खेळायची एक छोटी तयार कथा काढा, असं मी लिहून दिलं. भावाबद्दल लिहिणाऱ्या त्या माणसाला मी नंतर मेल केला होता. नवं पुस्तक त्यांनी घेतलं नव्हतं. जुना बॉक्स मात्र आता पुतणी चालवते, असं त्यांनी कळवलं, आणि तिला प्रवासाच्या अंतरांचा तक्ता हवा होता. जुन्या पुस्तकात तो नाहीये. साठ पानांच्या त्या साहसात मी पहिल्यांदा तोच तक्ता घालायला लावला.