इंग्रजी उपसर्ग : अर्थ उलटा करणाऱ्या या चुका टाळा

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या इंधन डेपोंकडून येणाऱ्या टँकरच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना मी दर वर्षी हा शब्द फळ्यावर लिहितो आणि त्याचा अर्थ विचारतो. ‘फ्लेम म्हणजे ज्वाला, इन म्हणजे नाही, म्हणून पेट न घेणारे,’ असे उत्तर हमखास येते. ते देणारी मुले आळशी नसतात. उलट त्यांनी उपसर्गांचा तक्ता चोख पाठ केलेला असतो. घोळ त्या तक्त्यानेच घातलेला असतो.

इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. ज्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला त्याचा अर्थ ‘पेटवणे’ असा आहे, आणि दुखऱ्या भागाची आग होते तेव्हा डॉक्टर ज्याला ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात तोही शब्द त्याच मुळाचा. म्हणजे टँकरवरची पाटी ‘अत्यंत ज्वालाग्राही’ असे सांगत असते. या शब्दाने खुद्द इंग्रजी बोलणारेही फसत आले आहेत. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने १९२० च्या दशकात, या ‘इन’मुळे कोणाचा जीव जाऊ नये म्हणून, ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला. आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात आणि पेट न घेणाऱ्या वस्तूला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात.

जेथे ‘इन’ खरोखरच नकाराचा असतो तेथेही अर्थ सरळ वजाबाकीने मिळत नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे. आपल्या ‘अमूल्य’ या शब्दाची घडण नेमकी अशीच आहे आणि त्याचा अर्थ लावताना कोणीही मराठी माणूस चुकत नाही. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नसून कुप्रसिद्ध. त्यामुळे प्रमुख पाहुण्यांची ओळख करून देताना हा शब्द तोंडून गेला, तर नंतर सारवासारव करणे कठीण होते.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, हे सांगणारा संस्कृत श्लोक अनेकांनी शाळेत ऐकलेला असतो. आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे सारे शब्द एकाच ‘हृ’ धातूपासून झाले, पण जेवणाचा आणि माराचा काही संबंध उरला नाही. इंग्रजी शब्दाकडेही याच दृष्टीने पाहावे. उपसर्ग हा अर्थाचा सुगावा आहे. तो लागल्यावर वाक्यात आणि शब्दकोशात खातरजमा करावी लागते.

‘इन’ की ‘अन’?

‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’ आणि ‘इर्रेग्युलर’ यांत तीन निरनिराळे उपसर्ग आहेत असे समजून ते वेगवेगळे पाठ करणे हा वाया जाणारा कष्ट आहे. पी, बी आणि एम या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांपूर्वी ‘इन’चा ‘इम’ होतो, एलपूर्वी ‘इल’ होतो आणि आरपूर्वी ‘इर’. ‘संगीत’, ‘संचय’ आणि ‘संप’ या शब्दांतील अनुस्वार आपण पुढच्या अक्षराप्रमाणे वेगवेगळा उच्चारतो, त्याच जातीचा हा बदल आहे. मात्र ‘अन’ हा मूळचा इंग्रजी उपसर्ग कोणासाठीही बदलत नाही, म्हणूनच ‘इल्लीगल’ आणि ‘अनलॉफुल’ असे एकाच अर्थाचे दोन वेगळ्या रूपांचे शब्द शेजारी नांदतात.

उत्तरपत्रिकेत सर्वाधिक गुण जातात ते विशेषणावरून नाम करताना. विशेषण ‘अनजस्ट’, पण नाम ‘इनजस्टिस’. ‘अनएबल’, पण ‘इनॲबिलिटी’. ‘अनईक्वल’, पण ‘इनइक्वॅलिटी’. ‘अनस्टेबल’, पण ‘इन्स्टॅबिलिटी’. या जोड्यांना एकच नियम लावू पाहणारा विद्यार्थी अडकतो. त्या जोडीनेच वहीत उतरवून मोठ्याने वाचाव्यात, कारण येथे कानाला पडलेली सवय बुद्धीपेक्षा लवकर कामाला येते.

प्रत्येक नकार सारखा नसतो

नोकरीच्या अर्जात ‘माझ्याकडे या पदाची अर्हता नाही’ असे म्हणायचे असताना एका विद्यार्थ्याने स्वतःला ‘डिसक्वालिफाइड’ म्हटले होते. ज्याच्याकडे अर्हता नाही तो ‘अनक्वालिफाइड’. ज्याला नियमभंगासाठी किंवा अन्य कारणाने अपात्र ठरवून बाहेर काढले तो ‘डिसक्वालिफाइड’. वाचणाऱ्याला त्या अर्जामागे एखादे गैरकृत्य दिसले असते. ‘अनआर्म्ड’ माणसाकडे शस्त्र नसतेच, तर ‘डिसआर्म्ड’ माणसाकडचे शस्त्र काढून घेतलेले असते. याच धर्तीवर ‘मिसइन्फर्मेशन’ ही चुकीची माहिती नकळतही पसरते, पण ‘डिसइन्फर्मेशन’मध्ये फसवण्याचा हेतू असतो. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती असावा लागतो. तो ‘अनइंटरेस्टेड’ असेल तर त्याला खटल्यात रसच नाही. काही इंग्रजी लेखक हा शेवटचा भेद आता पाळत नाहीत, तरी परीक्षेत आणि कायदेशीर मजकुरात तो पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रियापदापूर्वीचा ‘अन’ तर नकाराचा नसतोच. तो झालेली क्रिया उलटवतो. जून २०२० मध्ये ‘अनलॉक’ सुरू झाले तेव्हा त्याचा अर्थ ‘कुलूप न लावणे’ असा कोणी घेतला नाही. लावलेले कुलूप उघडणे, हाच अर्थ सर्वांना कळला. त्यामुळे जी क्रिया उलटवता येते तिलाच हा ‘अन’ लागतो, आणि ‘मी जेवलो नाही’ हे सांगण्यासाठी तो कधीही उपयोगी पडत नाही.

‘री’ आणि ‘प्री’

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने कराराच्या सुधारित प्रतीवर पुन्हा सही करण्याची तयारी ईमेलने कळवली आणि उपसर्गानंतरची लहानशी आडवी रेघ गाळली. ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा सही करणे. रेघ काढली की तोच शब्द ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणे असा वाचला जातो. तिच्या वरिष्ठांचा घाबरून फोन आला. ‘री-कव्हर’ म्हणजे सोफ्याला नवे आवरण घालणे आणि ‘रिकव्हर’ म्हणजे बरे होणे, हीही तशीच जोडी. जेथे ‘पुन्हा’ हाच अर्थ अभिप्रेत आहे आणि रेघेवाचून दुसराच शब्द तयार होतो, तेथे ती रेघ द्यावीच. ‘रिपीट अगेन’ आणि ‘रिटर्न बॅक’ यांत ‘पुन्हा’ आणि ‘परत’ दोनदा येते, तेही टाळावे.

‘प्रीपोन’ हा शब्द भारतात ‘पोस्टपोन’च्या नमुन्यावर रुळला आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही त्याची भारतीय इंग्रजी म्हणून नोंद घेतली आहे. तो अशुद्ध म्हणून झिडकारण्याचे कारण मला दिसत नाही, पण परदेशी ग्राहकाला बैठक अलीकडे घेण्याविषयी लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ असे लिहावे, कारण तेथे ‘प्रीपोन’ कळेलच असे नाही.

स्पेलिंगची अडचण एका कसोटीने सुटते : उपसर्ग आणि मूळ शब्द दोन्ही अखंड ठेवावेत. ‘मिस’ आणि ‘स्पेल’ जोडताना दोन एस येतात, ‘अन’ आणि ‘नेसेसरी’ जोडताना दोन एन; पण ‘डिसअपिअर’मध्ये मूळ शब्द ए या अक्षराने सुरू होतो, म्हणून एस एकच. ‘अंकल’ आणि ‘मिस्टर’ यांत मात्र उपसर्ग शोधू नये.

देवनागरीत सारखे, अर्थाने वेगळे

गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या विभागावर मराठीत ‘अँटीनेटल’ अशी पाटी अनेक ठिकाणी दिसते, आणि ‘अँटीबायोटिक’ आपण त्याच अक्षरांनी लिहितो. पहिल्यातला लॅटिन उपसर्ग ‘पूर्वी’ या अर्थाचा असून तो ई या अक्षराने संपतो, घड्याळातील ‘ए.एम.’मधला ए हा त्याचाच. दुसरा ग्रीक उपसर्ग ‘विरुद्ध’ या अर्थाचा असून तो आय या अक्षराने संपतो. इंग्रजीत लिहिताना हे एक अक्षर चुकले, तर ‘प्रसूतिपूर्व’चे ‘जन्मविरोधी’ होते.

‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांची गल्लत याहून गंभीर आहे. हे दोन्ही ग्रीक उपसर्ग आपल्या ‘उपरि’ आणि ‘उप’ यांचे भाऊबंद आहेत, म्हणून ‘हायपर’ म्हणजे वर आणि ‘हायपो’ म्हणजे खाली हे तसेच लक्षात ठेवावे. ‘हायपोग्लायसेमिया’त रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलेली असते आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ताबडतोब साखर द्यावी लागते; ‘हायपरग्लायसेमिया’त ती आधीच वाढलेली असते. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांच्या कागदांवर यांपैकी कोणताही शब्द असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याच्या शेजारी मराठीत ‘साखर कमी’ किंवा ‘साखर जास्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.